पार्किंग सेन्सर कधी वाजतो, कधी नाही: नवा सेन्सर घ्यायच्या आधी एवढं करून बघा

गाडी रिव्हर्स टाकली की कधी नीट टूं-टूं वाजतं, कधी मागे चिटपाखरू नसताना सलग कोकलत सुटतं, कधी एकदम मौनव्रत. आणि वर्कशॉपला नेली की गाडी अशी शहाण्यासारखी वागते की मेकॅनिक आपल्याकडेच संशयाने बघायला लागतो. हे तुमच्याकडे चालू असेल तर बसा जरा, कारण मी यात एक अख्खा पावसाळा घालवलाय.

माझं असं झालं की ऐन पावसात पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाऊन आलो आणि आठवड्याभराने मागचे सेन्सर येड्यासारखं करायला लागले. एका वर्कशॉपने डावीकडचा कोपऱ्यातला सेन्सर बदलला, पंधरा दिवस सगळं मस्त चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले चारही बदला. तिथे मी थांबलो आणि स्वतः शोधायला लागलो. शेवटी सापडलं काय, तर त्याच कोपऱ्यातल्या कनेक्टरच्या एका पिनवर हिरवा गंज चढला होता. मग सेन्सर बदलल्यावर पंधरा दिवस बरं का चाललं? कारण बदलताना त्यांनी तो कनेक्टर काढून परत लावला, त्यात पिन जरा घासली गेली, कॉन्टॅक्ट आला, बस. जुना सेन्सर चांगलाच होता, तो मी नंतर परत लावून बघितला आणि आजही तोच चालू आहे. म्हणजे पार्ट बदलल्यावर बरं झालं म्हणून तो पार्टच खराब होता असं धरून चालू नका. येऊन-जाऊन असलेल्या फॉल्टमध्ये तर नाहीच नाही.

१. हे चालतं कसं, तेवढंच

बंपरमधली ती गोल बटणं म्हणजे छोटे स्पीकर आणि माइक एकातच. आतली चकती साधारण ४० किलोहर्ट्झच्या आसपास, काही गाड्यांत त्याहून जास्त, अशा आवाजाचा एक झटका सोडते, तो भिंतीवर आपटून परत येतो, किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला जेमतेम ६ मिलिसेकंद. एवढ्या बारीक कामात चकतीवर पाण्याचा एक थेंब बसला किंवा ती बंपरच्या प्लास्टिकला दाबून बसली तरी गोंधळ होतो.

आपल्याकडे १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या सगळ्या नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे स्वस्तातल्या मॉडेललाही कंपनीचे दोन-तीन तरी असतातच. त्याआधीच्या गाडीत बहुतेक बाहेरून बसवलेला किट असेल. दोन्हीचं वायरिंग वेगळं, म्हणून आपलं कुठलं ते आधी बघून ठेवा.

अजून एक. बऱ्याच कंपनी-फिटेड सिस्टिममध्ये एक सेन्सर बिघडला तरी सगळेच बंद होतात. रिव्हर्स टाकल्या टाकल्या नेहमीपेक्षा वेगळा लांब बीप आला आणि मग शांतता, तर सिस्टिमने स्वतःच काहीतरी पकडलंय असं समजा. चारही एकदम गेले म्हणून चार विकत आणू नका.

२. सामान आणि कागदं

- मऊ फडकं, पाण्याची स्प्रे बाटली (झाडांना मारायची चालते), टॉर्च
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसची (वीज न वाहून नेणारं, ओल अडवणारं ग्रीस) छोटी ट्यूब
- क्लिपा काढायचा प्लास्टिकचा पट्टीसारखा टूल. स्क्रूड्रायव्हरने काढाल तर क्लिप पण तुटेल आणि रंग पण जाईल
- हेअर ड्रायर, दोन विटा, एक मोठा पुठ्ठा
- आत बसायला एक माणूस (माझ्याकडे मुलगा होता, त्याला गाडीत बसायला दिलं म्हणून खूश)
- वॉरंटीचे कागद, जुनी जॉब कार्डं, आणि बंपरचं कधी डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर त्याचं बिल

वॉरंटी चालू असेल तर एकही वायर कापायची नाही, टेप गुंडाळायची नाही. खाली ४ आणि ५ मध्ये सांगितलंय तेवढं बिनधास्त करा, पुढचं त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि इन्शुरन्सचा क्लेम एका सेन्सरसाठी टाकायच्या आधी नो क्लेम बोनसचा (वर्षभर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) हिशोब करा, तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका छोट्या क्लेममध्ये उडतो.

३. आठवडाभर फक्त लिहून ठेवा

कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला. मोबाइलमध्ये नोट उघडा आणि प्रत्येक वेळी वेडेपणा केला की लिहा: पाऊस होता का, गाडी धुतली होती का, ऊन किती, गाडी किती वेळ चालवून आलो, मागे कोण बसलं होतं का, डिकीत सामान होतं का, आणि जागा कुठली. आठवड्याने वाचलं की नमुना दिसायला लागतो.

पाऊस पडला की सुरू आणि दोन दिवस ऊन लागलं की बंद, तर पाणी कुठेतरी कनेक्टरमध्ये जातंय. दुपारी तापलेल्या गाडीतच होतं, सकाळी नाही, तर आतला जोड किंवा सेन्सर गरम झाल्यावर सुटतोय. स्पीडब्रेकर, खड्डे, डिकी आपटून लावणं याच्याशी जुळतंय तर लूज वायर. आणि एकाच जागी होतंय, म्हणजे फक्त सोसायटीच्या उतारावर किंवा फक्त त्या एका दुकानासमोर, तर गाडीत कदाचित काही झालेलंच नाही. उतार संपून सपाटी लागते तिथे सेन्सरला जमीनच भिंत वाटते, उंच गवताचंही तसंच. उलट बारीक खांब, तारेची जाळी, वाळत घातलेली चादर यातलं काही त्याला दिसेलच असं नाही, तो त्याचा दोष नाही, त्याची कुवतच तेवढी. शेजारी ट्रकचे एअर ब्रेक फुसफुसत असतील तरी खोटं वाजू शकतं.

माझ्या नोटमध्ये अकरा नोंदी होत्या, त्यातल्या नऊ पावसानंतरच्या. इथंच अर्धं काम झालं होतं.

४. उगाच वाजतो की गप्प बसतो, हे वेगळं करा

लोक दोन्हीला सेन्सर खराब म्हणतात आणि इथंच फसतात. दोघांची कारणं साधारण वेगळी असतात.

उगाच वाजत असेल तर आधी सेन्सरच्या तोंडाशी आणि बसवण्याशी बघा. चिखल, कोकणातली लाल माती (ही सुकली की सिमेंट होते, कडेच्या फटीत बसते आणि वरवर पुसून निघत नाही), पाण्याचा थेंब, रंगाचा जाड थर, सेन्सर तिरका होऊन खाली बघतोय, नाहीतर मागे लावलेला गार्ड, सायकल स्टँड, खुळखुळणारी नंबर प्लेट, लोंबणारा कव्हरचा पट्टा. सेन्सरभोवती मऊ रबराची रिंग असते, तिचं काम चकतीची थरथर बंपरपर्यंत जाऊ न देणं. बंपर उतरवून रंगवताना ती रिंग हमखास हरवते किंवा उलटी बसते आणि मग सेन्सर स्वतःचीच थरथर ऐकून ओरडतो.

गप्प बसत असेल किंवा लांब बीप देऊन बंद पडत असेल तर वायर, कनेक्टर, फ्यूज, सप्लाय. पाणी शिरलेला कनेक्टर मात्र दोन्ही नाटकं करतो, आज हे उद्या ते. माझा तसाच होता.

५. काहीही न उघडता करायच्या टेस्ट

सपाट जागा, दोन्ही बाजूंनी चाकाला विटा, हँडब्रेक, इंजिन बंद, इग्निशन ऑन, रिव्हर्स गिअर. ऑटोमॅटिक असेल तर आतल्या माणसाचा पाय ब्रेकवरच पाहिजे. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की सेन्सर मुद्दाम गप्प होतात, तसं असेल तर तो सोडा पण विटा नीट लावल्यात याची खात्री करूनच. इंजिन चालू ठेवून गाडीच्या मागे कधीही उभं राहायचं नाही, सांगायची गरज नाही पण मी एकाला करताना बघितलंय. आणि इग्निशन पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त ऑन ठेवू नका, बॅटरी उतरली की अजून एक नवीनच फॉल्ट निघेल.

पहिलं, रिव्हर्सचा दिवा बघा. तो लुकलुकत असेल, गिअरचा दांडा हलवल्यावर जात-येत असेल, तर सेन्सरकडे जायचंच नाही. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा स्विच असतो, तो खराब झाला की सेन्सर आणि कॅमेरा दोन्ही कधी येतात कधी नाही. खूप सोपं काम असतं आणि खूप लोक इथं सेन्सर बदलून बसतात.

दुसरं, सेन्सर पुसा, कडा दाताच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, बोटाने दाबून बघा. कुठला आत जातोय, कुठला डुगडुगतोय? चारही सारखेच बसलेले पाहिजेत.

तिसरं, टिकटिक. ४० किलोहर्ट्झ आपल्या कानाला ऐकू येत नाही पण एकामागून एक सुटणाऱ्या झटक्यांची बारीक टिकटिक येते. रात्री, सोसायटी शांत झाल्यावर, प्रत्येक सेन्सरपाशी कान न्या, नाहीतर बोटाचं टोक हलकंच टेकवा. शेजाऱ्यांना वाटेल बंपरशी बोलतोय, वाटू दे. तीन टिकटिकतायत आणि एक गप्प, तर त्या जागेवर लक्ष ठेवायचं. त्या जागेवर म्हणालो, त्या सेन्सरवर नाही, फरक पुढे कळेल. सगळेच गप्प असतील तर सप्लाय, फ्यूज किंवा मॉड्यूल (सगळे सेन्सर चालवणारा कंट्रोलचा डबा), नाहीतर वर म्हटलं तसं एकामुळे सगळे बंद पडलेत.

चौथं, पुठ्ठा. एका सेन्सरसमोर दीड मीटरवरून हळूहळू ३० सेंटीमीटरपर्यंत आणा आणि आतल्या माणसाला बीप कसा बदलतो ते सांगायला लावा, मग पुढचा सेन्सर. सपाट पुठ्ठाच घ्या, बादली किंवा पाइप घेतला तर गोल पृष्ठभागावरून आवाज भलतीकडे जातो आणि चांगला सेन्सर नापास होतो.

६. फॉल्ट स्वतःच आणा

फॉल्ट हजर नसताना शोधत बसणं म्हणजे अंधारात काळी मांजर. त्याला बोलवायला लागतं. पावसात येतो असं नोंदींत दिसलं असेल तर स्प्रे बाटलीने एका वेळी एकच जागा भिजवा: आधी फक्त सेन्सरचं तोंड, पाच मिनिटं थांबा, मग बंपरच्या खालून कनेक्टरकडे, परत पाच मिनिटं, मग कोपऱ्यात जिथून बंपरचा हार्नेस (वायरींचा जुडगा) बॉडीत शिरतो तिथे. पाइप लावून सगळा बंपर न्हाऊ घातला तर फॉल्ट येईल पण कुठून आला ते कळणार नाही. प्रेशर वॉशरची धार सेन्सरवर जवळून मारणं तर टाळाच, आजारापेक्षा औषध जड.

उन्हात येत असेल तर हेअर ड्रायर, कमी गरमवर, एकेका सेन्सरला मिनिट-दोन मिनिटं. हादऱ्याने येत असेल तर हार्नेस बोटांनी हलवत जा, एकेक वीतभर.

यात एक गोची आहे जी मला फार उशिरा कळली. बऱ्याच गाड्यांत एकदा फॉल्ट पकडला की इग्निशन बंद-चालू करेपर्यंत सिस्टिम बंदच राहते. म्हणजे तुम्ही वायर हलवताय, आता कॉन्टॅक्ट आलाय सुद्धा, पण गाडी गप्प, आणि तुम्ही समजताय की इथे काही नाही. प्रत्येक टप्प्याला इग्निशन बंद करून परत चालू करा.

७. अदलाबदल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्की टेस्ट. संशयित सेन्सर आणि शेजारचा चांगला सेन्सर, दोघांची जागा बदला. इग्निशन बंद करून मगच कनेक्टर काढायचे. मग दोन-चार दिवस नेहमीसारखी गाडी वापरा, आणि नेहमीसारखी म्हणजे पावसात येणारा फॉल्ट असेल तर पाऊस पडेपर्यंत.

फॉल्ट सेन्सरबरोबर नव्या जागी गेला तर सेन्सर खराब, निर्धास्त बदला. फॉल्ट जुन्या जागीच राहिला तर वायर किंवा कनेक्टर. आणि फॉल्ट गायबच झाला तर आनंद करू नका. तो कनेक्टर काढून-लावल्याने दबलाय, परत येणार. माझं वर्कशॉप नेमकं इथेच फसलं.

काही गाड्यांत कोपऱ्याचे आणि मधले सेन्सर वेगळे असतात, अंगावरचा पार्ट नंबर सारखा असेल तरच अदलाबदल करा. सेन्सरपर्यंत पोचायला काही मॉडेलमध्ये खालून हात जातो, काहींत बंपर उतरवावा लागतो. बंपर एकट्याने उतरवू नका, दुसऱ्या बाजूने कोणी धरलं नाही तर हार्नेस ताणला जातो, शिवाय जुन्या गाडीच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात म्हणून चार-पाच नव्या आधीच आणून ठेवा. पुढच्या बंपरला सेन्सर असतील तर तो मी म्हणेन माहीतगार माणसाकडूनच उतरवून घ्या, तिथे एअरबॅगचे सेन्सर पण असू शकतात.

८. कनेक्टर आणि वायर

बंपरचे दोन्ही कोपरे मागच्या चाकांच्या लगेच मागे असतात, चाकाने उडवलेलं सगळं पाणी आणि चिखल तिथेच. म्हणून सुरुवात कोपऱ्यापासून.

कनेक्टर उघडून टॉर्चने बघा. हिरवट-पांढरी पावडर म्हणजे गंज. आत ओल किंवा सुकलेल्या मातीची रेघ म्हणजे रबर सील गेलंय किंवा कधीतरी नीट बसवलेलंच नाही. लॉकची कडी तुटली असेल तर कनेक्टर वरवर बसलेला दिसतो पण हादऱ्याने सुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, मग सीलभोवती थोडंसं डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि लॉकचा टक असा आवाज येईपर्यंत दाबा. घरातला गंज काढायचा साधा स्प्रे या कामाला वापरू नका, तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. पॉलिश पेपरने पिन घासायचा मोह पण आवरा, वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने येतो.

मल्टिमीटरचा जाड प्रोब भोकात घुसवू नका! मी घुसवला होता. आतला पत्रा फाकतो आणि मग पिन सैल बसते, म्हणजे एक लूज कॉन्टॅक्ट शोधताना दुसरा आपणच तयार करतो. मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून बारीक टाचणी सरकवून मोजायचं.

काय मोजायचं? कंपनीच्या सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात: सप्लाय, अर्थ (अर्थिंगची वायर) आणि सिग्नल. किती व्होल्ट यायला पाहिजेत ते गाडीगणिक बदलतं, म्हणून आकडा शोधत बसू नका, चांगल्या सेन्सरच्या कनेक्टरवर मोजा आणि वाईटाच्या कनेक्टरवर मोजा. सारखे नसतील तर सापडलं. अर्थ बघताना मीटरची एक टाचणी सेन्सरच्या अर्थवर, दुसरी बॉडीच्या स्वच्छ धातूवर, सिस्टिम चालू असताना, जवळपास शून्य व्होल्ट आले पाहिजेत. सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजून तो चांगला की वाईट ठरवणारे लोक भेटतील. कंपनीच्या सेन्सरच्या आत सर्किट असतं, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

वायर बाहेरून अखंड दिसते आणि आत तुटलेली असते, विशेषतः जिथे ती बंपर आणि लोखंडाच्या मध्ये चेपलीये किंवा क्लिपपाशी वाकलीये. हलकेच ओढून बघा, तुटलेल्या जागी रबरासारखी ताणली जाते. आणि उंदीर. पार्किंगमध्ये आठवडाभर गाडी उभी असेल तर ही शक्यता अजिबात हसण्यावारी नेऊ नका.

जोड द्यायचाच असेल तर सोल्डर करून वर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसती पिळून काळी टेप गुंडाळणारे भाऊ प्रत्येक चौकात आहेत, पण ती टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि पुढच्या पावसात तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

९. बाहेरून बसवलेला किट असेल तर

मॉड्यूल बहुतेक डिकीत मागच्या दिव्याजवळ डबल टेपने चिकटवलेलं असतं, ती टेप उन्हाने सुटून डबा वायरींवर लोंबत असतो. सप्लाय रिव्हर्सच्या बल्बच्या वायरवरून घेतलेला असतो, बऱ्याचदा वायर न सोलता नुसता चिमटा मारून, तो चिमटा आधी बघा. त्यानंतर अर्थचा स्क्रू, खाली रंग असेल तर खरवडून परत घट्ट करा. रिव्हर्सला नंतर एलईडी बल्ब टाकला असेल तर जुना बल्ब लावून एकदा बघा. इथे सेन्सरची अदलाबदल मॉड्यूलवरच होते, ए-बी-सी-डी सॉकेट बदलले की झालं, बंपरला हात लावायची गरज नाही. एवढं करून मॉड्यूलवरच संशय आला तर अख्खा किट नवीन घ्या, रिपेअर करत बसण्यात राम नाही.

१०. तरीही नाही सापडलं तर

ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर फॉल्टचे कोड दाखवणारा) इथे बहुतेक निरुपयोगी, तो इंजिनचे कोड वाचतो, पार्किंगचं मॉड्यूल त्याला दिसत नाही. सगळे मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना जाऊन नुसतं चेक करा म्हणू नका, पार्किंग मॉड्यूलमध्ये साठलेले कोड वाचून त्याचा फोटो द्या म्हणा. कोड बऱ्याचदा कुठल्या बाजूचा कितवा सेन्सर ते सांगतो, पण तो सर्किटबद्दल बोलत असतो, म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर तिन्ही. कोड आला की सेन्सर बदलायला निघालेल्या माणसाला अदलाबदल केली का एवढं विचारा, तोंडावरून कळेल. जाताना मोबाइलमधल्या नोंदी आणि फॉल्ट आला तेव्हाचा व्हिडिओ दाखवा, आणि जॉब कार्डवर 'पावसानंतर येतो, कोरड्यात येत नाही' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. नाहीतर 'तपासले, ठीक आहे' असा शेरा मारून गाडी परत.

सेन्सर घ्यायचीच वेळ आली तर चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, दिसायला सारखे असणारे सेन्सर आतून वेगळे असू शकतात. रंगाचा प्रश्न येतोच, कंपनी काही मॉडेलला रंगवलेले देते काहींना काळे. रंगवायचा असेल तर अगदी पातळ हात, लांबी (पुट्टी) आणि जाड प्रायमर चकतीवर नको. पेंटरला सांगून ठेवा की सेन्सर बंपरमध्ये ठेवून सगळ्यावर एकदम मारू नको, बाहेर काढून वेगळे रंगव, आणि रबराच्या रिंगा मोजून घेऊन मोजून परत लाव.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या. मी मागून घेतला होता म्हणून तो आज गाडीत चालतोय, आणि नवा घेतलेला डिकीत स्पेअर म्हणून पडून आहे.